व्यसन : संज्ञा आणि संशोधन

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. त्यांतील दहा कामज व्यसनांत मद्याबरोबरच मृगया, द्यूत, दिवानिद्रा आणि नृत्य-गीत-वाद्य यांचाही समावेश होतो. पदार्थाचे व्यसन निराळे आणि कृतीचे निराळे, असा भेद या संज्ञेत नाही. पाश्चात्त्य मानसशास्त्राने मात्र तो दीर्घकाळ मानला. तो ओलांडणाऱ्या अभ्यासकांत जिम ऑरफर्ड हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ प्रमुख होत. त्यांचे कार्य साहित्याच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटेल.

ग्रिफिथ एडवर्ड्स, ऑरफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनमध्ये केलेला एक प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला. शंभर विवाहित मद्यासक्त पुरुषांपैकी एका गटास कित्येक महिने उपचार मिळाले. दुसऱ्यास पत्नीसमवेत एकाच बैठकीत सल्ला देण्यात आला. वर्षअखेर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. साहजिकच, परिवर्तनाचे मूळ केवळ रुग्णालयात शोधावे काय, हा प्रश्न उपस्थित झाला.

१९८५ च्या ‘एक्सेसिव्ह अपेटाइट्स’ या ग्रंथात ऑरफर्ड यांनी मद्य, मादक द्रव्ये, जुगार, अतिभोजन आणि कामासक्ती यांची एकत्र मीमांसा केली. आसक्ती बळावते, संयम क्षीण होतो आणि त्यांतून अंतर्द्वंद्व उद्भवते, ही प्रक्रिया त्यांना सर्वत्र समान दिसली. अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणाने जुगाराला मादक द्रव्यांच्या व्यसनांशेजारी स्थान दिले ते २०१३ मध्ये.

पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात चिकित्सा व समुदाय मानसशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांनी कुटुंबीयांकडे विशेष लक्ष पुरविले. मद्यपीच्या पत्नीतच काही विकृती असावी, हे पूर्वीचे गृहीत त्यांनी नाकारले. ती दीर्घ ताणाखाली जगणारी सामान्य व्यक्ती होय; ती प्रतिकार करते, सोसते किंवा अलिप्त होते. मेक्सिको, नैर्ऋत्य इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज येथील कुटुंबांचा हा अभ्यास २००५ साली ग्रंथरूप झाला. त्यांचे सहकारी रिचर्ड व्हेलमन यांच्या सहभागाने हाच विचार गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधनातही आला.

या दृष्टीने गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील सिंधू पुन्हा वाचावयास हवी. तिचे सोसणे पातिव्रत्याचा आदर्श म्हणून गौरविले गेले, क्वचित दौर्बल्य म्हणून दूषिलेही गेले. तिच्यापुढे अन्य कोणते मार्ग खुले होते आणि तिच्या पाठीशी कोण उभे होते, हा ऑरफर्ड यांचा प्रश्न टीकाकारांनी विचारावयाचा राहतो.

जुगाराच्या उद्योगाला मोकळीक देणाऱ्या ब्रिटिश शासकीय धोरणावरही त्यांनी २०११ च्या ‘ॲन अनसेफ बेट?’ या ग्रंथात टीका केली. आपल्याकडेही कौटिल्य एकीकडे राजाला द्यूतव्यसनापासून सावध करतो आणि दुसरीकडे द्यूताध्यक्षाकरवी जिंकलेल्या धनाचा शेकडा पाच भाग वसूल करवितो. ‘व्यसन’ या शब्दाची व्याप्ती मोठी खरी; तथापि तो दोष व्यसनी माणसाच्याच माथी मारतो. घरातील माणसे आणि लाभ घेणारी सत्ता त्याच्या अर्थकक्षेबाहेर राहतात. ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तात पत्नी आणि माता यांचे दुःख नोंदलेले आहे. संज्ञेने वगळलेले साहित्याने जपले आहे ते असे.