दोघांना वगळून

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने मारायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. लंबगोल चेंडू काखेत दाबून धावायचं, अंगावर येणाऱ्या अकरा जणांना चुकवायचं आणि एकेक यार्ड करत जमीन जिंकायची. हा खेळ तिथे वाढला तो कॉलेजांच्या मैदानांवर. नोव्हेंबरअखेर हंगाम संपला की नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ सामने होत. त्यांतल्या बहुतेकांना पात्रता फेरी वगैरे नव्हती. आयोजक समिती ज्यांना बोलावेल, ते संघ जात. बोलावणं म्हणजे मान आणि त्याबरोबर भरघोस पैसा.

१९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ, म्हणजे ‘डॉन्स’, नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. त्याला बोलावणं आलं नाही.

हे जेझुइट पाद्र्यांनी १८५५ मध्ये काढलेलं छोटं विद्यापीठ. प्रशिक्षक जो कुहारिच मोठे कडक. ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात कॉर्निंग नावाच्या गावी नेऊन त्यांनी मुलांकडून घाम गाळून घेतला. मुलंही सगळी पोरवयाची नव्हती. जिनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर पावणेसात फुटांचा. संघाच्या बातम्या वृत्तपत्रांपर्यंत पोचवायचं काम पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण करत असे.

आणि ऑली मॅटसन. टेक्सासमध्ये जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत शिकलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावला. देशातल्या कुठल्याही कॉलेजच्या खेळाडूपेक्षा जास्त. त्याच्या नावावर २१ टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडणं, लागले. बचावाच्या फळीत बर्ल टोलर होता, टेनेसीतल्या मेम्फिसचा. संघातले कृष्णवर्णीय खेळाडू हे दोघेच.

ऑक्टोबरात संघ न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅम विद्यापीठाशी खेळला. ३२–२६ असा निसटता विजय मिळाला, तो मॅटसनमुळे. प्रतिपक्षाने मारलेला चेंडू आपल्या टोकाला झेलून जवळजवळ सगळं मैदान पार करायचं, हे त्याने त्या एका सामन्यात दोनदा केलं. त्याच महिन्यात ओक्लाहोमात ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा मैदानावरच फोडला गेला. चेंडू त्याच्या हातात नसताना त्याला मारलं गेलं होतं. त्या क्षणाच्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर पारितोषिक मिळालं. डॉन्स खेळत होते ते याच देशात, याच हंगामात.

१७ नोव्हेंबरला त्यांनी स्टॉक्टनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७–१४ असा फडशा पाडला. आता बोलावणं येणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. ते आलं नाही. आला तो निरोप असा, की दक्षिणेतल्या सामन्याला यायचं तर मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या. खेळाडूंनी पुढे सांगितलं त्याप्रमाणे, यावर चर्चा अशी झालीच नाही. ना मतदान, ना भाषणं. दोघांना वगळून आम्ही कुठेही जाणार नाही, एवढंच ठरलं.

बोलावणं न देण्याचं कारण म्हणून उघडपणे सांगितलं गेलं ते वेगळंच. डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असं. त्यात थोडं तथ्य आहे. मोठी विद्यापीठं त्यांच्याशी खेळत नव्हती आणि असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत ते चौदावे होते. पण ज्यांना त्यांनी ४७–१४ ने हरवलं, त्या पॅसिफिकलाच टेक्सासमधल्या सन बाउलचं आमंत्रण मिळालं! मग दुबळेपणाच्या युक्तिवादात काय राहतं?

‘त्या काळी दक्षिणेत असंच चालायचं’ हा बचाव मी पुष्कळदा वाचला आहे आणि मला तो मान्य नाही. १९४८ च्या जानेवारीत पेन स्टेटचा संघ वॉलेस ट्रिपलेट आणि डेनी हॉगर्ड या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह डॅलसला कॉटन बाउलमध्ये खेळला होता. टेक्सासमध्येच. सामना १३–१३ असा सुटला आणि बरोबरी साधणारा टचडाउन ट्रिपलेटचा होता. आभाळ कोसळलं नाही. म्हणजे दार उघडता येत होतं. १९५१ साली ज्यांनी ते बंद ठेवलं, त्यांनी ते स्वतःच्या हाताने बंद ठेवलं.

नकाराची किंमत मोठी होती. विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च पेलवेना, आणि बाउलच्या पैशावरच सगळी आशा होती. हंगाम संपताच संघ बंद करण्यात आला. कुहारिच शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले. मॅटसनही त्याच संघात गेला, पण त्याआधी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावून त्याने एक रौप्य आणि एक कांस्यपदक आणलं. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एकाच कॉलेज संघातले तिघे!

टोलरचं मात्र तसं झालं नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनी सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक खेळाचं दार कायमचं मिटलं. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, नंतर मुख्याध्यापक. १९६५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगने त्याला पंच म्हणून घेतलं, लीगच्या इतिहासातला पहिला कृष्णवर्णीय पंच. विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ असा प्रचार करणाऱ्या जेम्स फेलन या सिनेटरचं नाव होतं. २०१७ मध्ये ते काढून तिथे टोलरचं नाव लावलं गेलं.

डॉन्सचा शेवटचा, नववा सामना २४ नोव्हेंबर १९५१ रोजी पॅसाडिनाच्या रोझ बाउल मैदानावर झाला होता. लोयोला विद्यापीठाला त्यांनी २०–२ ने हरवलं होतं. त्याच मैदानावर २० जानेवारी १९८० रोजी सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, भरला, तेव्हा रोझेल एनएफएलचा आयुक्त होता, आणि पंचांचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून मैदानाच्या कडेच्या रेषेवर बर्ल टोलर उभा होता.