‘दास मेडशन’ची बदनामी

जर्मनच्या पहिल्या पातळीच्या वर्गात तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळ्यावर तीन आर्टिकलं येतात. देर पुल्लिंगी, दी स्त्रीलिंगी, दास नपुंसकलिंगी. खाली उदाहरणं: देर मान म्हणजे पुरुष, दी फ्राउ म्हणजे बाई, दास मेडशन म्हणजे मुलगी. खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, ‘म्हणजे जर्मनांच्या लेखी मुलगी ही वस्तू?’ वर्ग हसतो. हल्ली लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी मला हे ऐकवतं, वर जर्मन समाजाविषयीचा एक निष्कर्षही वाढतं.

यात नवीन काही नाही. मार्क ट्वेनने 1880 साली जर्मन भाषेवर लिहिलेल्या लेखात तरुणीला लिंग नाही आणि सलगमाला मात्र आहे, अशी टर उडवली होती. पण तो विनोदी लेखक होता. त्याचा विनोद आपण पुरावा म्हणून वापरतो.

वस्तुस्थिती साधी आहे. माग्ट हा जुना शब्द, अर्थ तरुण मुलगी; पुढे तो मोलकरणीसाठी राहिला. त्याला लहानपणा दाखवणारा ‘-शन’ हा प्रत्यय लागून, मधला उच्चार झिजून मेडशन झाला. आणि ‘-शन’ लागला की मूळ नाम कुठल्याही लिंगाचं असो, ते ‘दास’ होतं. देर हुंट म्हणजे कुत्रा, पिल्लू मात्र दास ह्युंटशन. दी कात्स म्हणजे मांजर, पण दास केट्सशन. मुलग्यांनाही सूट नाही: देर झोन म्हणजे मुलगा, लाडाने म्हटलं की दास झ्योनशन. मान या शब्दालाही प्रत्यय लावा, दास मेनशन होतो, आणि प्राण्यांमधल्या नराला जर्मनमध्ये हाच शब्द आहे. खुद्द ‘नर’ नपुंसकलिंगी! त्यावर कुणी पंगतीत बोलत नाही.

मराठी माणसाने हा प्रश्न विचारावा, याचा मला खरा वैताग येतो. गाय ती, बैल तो, वासरू ते. शेळी ती, करडू ते. मेंढी ती, कोकरू ते. आपल्याकडे लहानपणाला ‘ते’ लावायची खोड जर्मनांइतकीच जुनी. आजी म्हणते, ‘माझं लेकरू उपाशीच झोपलं गं,’ तेव्हा ती नातीला वस्तू समजत असते का? कोकणीत तर मुलीसाठीचा ‘चेडूं’ हा रोजचा शब्दच नपुंसकलिंगी आहे. उलट बाजूने बघा: ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, म्हणून मिशीवाले काका बाई होत नाहीत. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तर काही सांगायलाच नको. बायकोला भार्या म्हटलं तर स्त्रीलिंग, कलत्र म्हटलं तर नपुंसक आणि दार म्हटलं तर पुल्लिंग, तेही अनेकवचनात. जर्मनमध्येही दास वाइप, म्हणजे बाई, कुठलाही ‘-शन’ न लागता नपुंसकलिंगी आहे. आज तो शब्द हिणवण्यासाठी वापरतात. पण ते हिणवणं त्याच्या वापरात आहे, आर्टिकलात नाही.

आणखी एक गंमत. बोलताना जर्मन माणूस मेडशनचा उल्लेख करून पुढच्या वाक्यात बिनदिक्कत ‘झी’ म्हणजे ‘ती’ म्हणतो. व्याकरणही त्याला अडवत नाही.

‘जर्मन लिंगाला नियमच नाहीत, सगळं पाठांतर’ हे दुसरं पालुपद. पाठांतर आहे, पण वाटतं तितकं नाही. शेवटी ‘-उंग’, ‘-हाइट’ किंवा ‘-काइट’ आलं की ‘दी’. ‘-लिंग’ किंवा ‘-इस्मुस’ आलं की ‘देर’. वार, महिने, ऋतू सगळे ‘देर’. क्लाउस-मिशाएल क्योप्के या भाषाशास्त्रज्ञाने 1982 साली एकाक्षरी नामांचा अभ्यास छापला. त्यात शब्दाच्या आरंभीच्या ध्वनीचाही लिंगाशी संबंध दिसला. ‘क्न’ने सुरू होणारे क्नोप्फ (बटण), क्नाल (धमाका), क्नेष्ट (गडी) असे जवळजवळ सगळे ‘देर’. क्नी, म्हणजे गुडघा, तेवढा ‘दास’.

मराठीतलं लिंग तिकडे मात्र नेऊ नका. आपला सूर्य तो. त्यांचा दी झोन, म्हणजे ती.

‘चार विभक्ती म्हणजे छळ!’ हे प्रथमा ते संबोधन आठ विभक्तींचा तक्ता घोकलेल्या माणसाने म्हणू नये. शिवाय आपण घोडाचं घोड्याला करतो, म्हणजे नामच बदलतो. जर्मन नाम बहुधा जागचं हलत नाही, बदलतं आर्टिकल: देर हुंट, देन हुंट, देम हुंट.

लांबलचक शब्द? गोमांसाच्या लेबलांवरच्या देखरेखीचा 63 अक्षरी कायदा एका राज्यात खरोखर होता, 2013 साली रद्द झाला. रोज तो कुणी उच्चारत नव्हतं. जोडशब्दाचं लिंग शेवटचा तुकडा ठरवतो: दी हांट म्हणजे हात, देर शू म्हणजे बूट, म्हणून हातमोजा देर हांटशू. बस.

नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहिणं हा जर्मन अस्मितेचा भाग, असंही ऐकवतात. त्या अस्मितेचे पुरोहित मानले जाणारे याकोप ग्रिम या पद्धतीच्या विरोधात होते, आणि ग्रिम बंधूंच्या जर्मन शब्दकोशात नामं लहान अक्षरात आहेत.

आता वही उघडा. ‘टिश = टेबल’ असं लिहिलंय ना? खोडा, आणि ‘देर टिश’ लिहा.