दाराचा रंग खरवडण्याआधी

मंडळी, दिवाळी जवळ आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरोघरी एक विषय निघतो: यंदा दारं-खिडक्या रंगवून घ्यायच्या का? मग रंग कुठला, यावर चार दिवस चर्चा. जुना रंग कसा काढायचा, यावर मात्र चार मिनिटंही नाहीत. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी लाकूड. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, हे आपण सगळेच बघतो. लाकूड हवेतली ओल पितं आणि रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच. ऑक्टोबरात ते पुरतं सुकलेलं नसतं, आणि नेमके तेव्हाच आपण त्यावर ऑइल पेंटचे दोन हात चढवतो. आतली ओल बाहेर यायला बघते, रंगाला फोड येतात, आणि शिव्या खातो रंगारी! सणासाठी हवं तर भिंती रंगवा. दारं जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. तेव्हा दाराची खालची कडही रंगवायला सांगा. उभ्या पट्ट्यांचे तंतू तिथे कापलेले असतात, पाणी तिथूनच चढतं. बाथरूमचं दार खालून कुजतं ते उगाच नाही.

आता जुना रंग. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ‘अध्यास’ शिकवायचो, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप. जुन्या चाळीतल्या सागवानी दारावरचे थर बघितले की मला तो शब्द आठवतो. फरक इतकाच, की वेदान्तातला थर ज्ञानाने जातो, हा पॉलिश पेपरनेच जातो. आणि जाताना त्याची धूळ होते.

ती धूळ कशाची आहे, ते विचारायला हवं. पूर्वी पांढरा रंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला सफेता. सफेता हे शिशाचं संयुग. शेंदूर तोही शिशाचाच. पुढे डबाबंद एनॅमल आले. त्यांतही अनेकांत शिसं राहिलं, पिवळ्या-केशरी छटांसाठी आणि रंग लवकर वाळावा म्हणून. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, कायदेशीर मर्यादा २०१६च्या नियमांनी घातली आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ला. फार जुनी गोष्ट नाही ही. त्याआधी रंगवलेल्या दारात शिसं असेलच असं नाही, पण असू शकतं, असं धरूनच चालावं.

रांगतं मूल जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. मोठ्यांपेक्षा मुलांच्या शरीरात शिसं जास्त शोषलं जातं, मेंदूच्या वाढीला बाधा येते. शिशाची सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून कोरडं घासू नका. वॉटर पेपर घ्या, दार ओलं करून घासा, चिखल फडक्याने टिपून पिशवीत बांधा. नंतर झाडू नको, ओलं पुसा. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढणं तर मुळीच नको, वाफाही विषारी. त्या दिवसांत लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नसलेली बरी. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लागतो. तो रंगाऱ्यालाही द्या. आपण दहा वर्षांत एकदा घासतो, तो रोज घासतो. ओल्या कामाला अर्धा दिवस जास्त लागला तर मजुरीवरून त्याच्याशी हुज्जत घालू नका.

मागून प्रश्न आलाय, की जुना रंग काढलाच नाही तर चालेल का?

चालेल. उत्तम चालेल. नख लावून बघा. रंग घट्ट असेल, पोपडे नसतील, तर लाकडापर्यंत जायची गरजच नाही. स्वयंपाकघरातल्या दारावर तेलाचा चिकटा असतो, तो आधी साबणाच्या पाण्याने काढा. मग ओल्या पेपरने चकाकी मोडेल इतपत घासा, पुसा, नीट वाळू द्या. खिळ्यांच्या भोकांत लांबी, त्यावर प्रायमर, मग रंग. सुटलेले पोपडे असतील तेवढेच ओले करून काढायचे. मात्र दार घासून घासून ज्या कडेवर रोज रंग झिजतो, ती कड आधी रंध्याने नव्हे, बिजागरी घट्ट करून मोकळी होते का, ते बघा.