आस्वांग : शेजाऱ्याच्या चेहऱ्याचे भूत



मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला विचारले, "बाई, आमच्या गल्लीतल्या आजींची मान हलते ना, त्या रात्री कुत्रा होतात का?" चौकशी केली तेव्हा कळलं, मोठ्या भावाच्या मोबाईलवर तिने एका फिलिपिनो भयपटातले प्रसंग बघितले होते. तेव्हापासून ती त्या आजींच्या दारावरून जात नव्हती, लांबच्या रस्त्याने शाळेत येत होती. म्हणून आज त्या भुताविषयी थोडं सविस्तर.

चित्रपटाचे नाव ‘टिकटिक : द आस्वांग क्रॉनिकल्स’. एरिक माट्टी यांनी तो २०१२ मध्ये काढला. माकॉय नावाचा तरुण माहेरी निघून गेलेल्या गरोदर प्रेयसीची समजूत काढायला दूरच्या खेड्यात येतो. मेजवानीसाठी डुक्कर विकत घेतो, आणि ज्यांच्याकडून घेतो ते कुटुंबच आस्वांग निघतं. रात्री ते घराला वेढा घालतात. त्यांना पोटातलं बाळ हवं असतं! प्राथमिकच्या मुलांनी बघावा असा हा चित्रपट नाही, हे पालकांना स्पष्टच सांगते.

आता आस्वांग म्हणजे काय? फिलिपिन्सच्या लोककथांत हे एकच भूत नाही, अनेक भुतांचं मिळून एक नाव आहे. कोणी कुत्रा होतो, कोणी डुक्कर, कोणी पक्षी. ‘मनानांगाल’ तर कमरेपासून वेगळी होऊन वरच्या अर्ध्या अंगाने उडते. टिकटिक हे नाव आवाजावरून पडलं. आवाज मोठा असेल तर संकट लांब आहे, आणि बारीक होत गेला तर ते अगदी छपरावर आलं, असं तिकडे सांगतात. (हे वाचताना माझ्याही अंगावर काटा आला.) त्यावर उपाय काय, तर मीठ, लसूण आणि पाकट माशाची शेपटी. ही भीती जुनी आहे. हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश धर्मगुरूने १५८९ मध्येच ‘ओसुआंग’ असा उल्लेख केलेला आहे.

पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. आपली हडळ माळावर किंवा झाडावर राहते. आस्वांग दिवसा चारचौघांसारखा माणूस असतो, बऱ्याचदा एकटी राहणारी बाई. म्हणजे गर्भ पडला, मूल दगावलं, की दोष द्यायला शेजारचंच एक घर सापडतं.

पनाय बेटावरचा कापीझ प्रांत आस्वांगांसाठी बदनाम आहे. त्याच बेटावर ‘लुबाग’ नावाचा मज्जासंस्थेचा एक आनुवंशिक आजार जास्त आढळतो. त्यात मान, तोंड, हातपाय आपोआप पिळवटतात, जीभही बाहेर येते. आस्वांगाच्या वर्णनामागे असे रुग्ण असावेत, असं काही जणांचं म्हणणं आहे. ते पूर्ण खरं नसेलही. पण अंधारात अशा रुग्णाला बघून गावाने काय म्हटलं असेल, याचा अंदाज येतो. आमच्या मुलीनेही हलणारी मानच पाहिली होती ना!

वर्गात मी तिचं नाव न घेता दोन गोष्टी केल्या. हा चित्रपट जवळजवळ सगळा हिरव्या पडद्यासमोर चित्रित केला आहे, गाव आणि आभाळ नंतर संगणकावर घातलं, हे सांगितलं. "मग ते गाव नाहीच?" म्हणून मुलं थोडी हिरमुसलीच. मग मान का हलते, हात का थरथरतात, यावर बोललो. चार-पाच जणांनी लगेच आपापल्या आजोबांचे हात करून दाखवले. ती मुलगी मात्र गप्प होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मागे थांबली. "बाई, मानेला औषध असतं का?" मी म्हटलं, असतं, पण डॉक्टरांना दाखवावं लागतं. संध्याकाळी तिच्या आईला फोन केला, तेव्हा समजलं की त्या आजींना दवाखान्यात न्यायला घरी कोणीच नाही. आता शनिवारी तिची आई त्यांना घेऊन जाणार आहे.