टब कशाचा घ्यावा? कुकडीच्या कातळापासून कुरकुंभच्या काचेपर्यंत

शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी आणि पलीकडच्या काठावरचं निघोज यांच्या मधून वाहणाऱ्या कुकडी नदीने काळ्या कातळात टब कोरून ठेवले आहेत. त्यांना रांजणखळगे म्हणतात. मळगंगा देवीच्या दर्शनाला आलेली माणसं काठावर थबकतात आणि आत डोकावतात. पुराबरोबर आलेला एखादा गोटा खडकाच्या खाचेत अडकतो, भोवऱ्यात गरगरतो आणि फिरता फिरता खालचा दगड घासत राहतो. तो झिजून संपला की दुसरा येतो. असं युगानुयुगं चाललं की माणूस आत बुडेल एवढं, गुळगुळीत भिंतींचं भांडं तयार होतं. हातोडी नाही, छिन्नी नाही, फक्त पाणी आणि दगड.

नवं घर बांधताना न्हाणीघरात टब बसवायचा विचार केला, की दुकानात ॲक्रिलिक, फायबर, एनॅमल, संगमरवर अशी नावं कानावर पडतात आणि गोंधळ उडतो. खरं तर यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ शिरूर-दौंड परिसरात आधीपासून नांदतो आहे, फक्त वेगळ्या रूपात. तिथे तो नीट पाहिला, तर कोणता टब आपल्याला सोसेल हे बरंचसं आपोआप कळतं.

सुरुवात तांब्याच्या बंबापासून करू. बंबाची रचना मला आजही थक्क करते. विस्तव भांड्याखाली नसून भांड्याच्या मधोमध, उभ्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या भोवती. नळीतून वर जाणारी उष्णता चहूबाजूंनी पाण्यालाच मिळते. हे साधतं ते तांब्यामुळे, कारण तांबं लोखंडाच्या पाच-सहा पट चपळाईने उष्णता पुढे सरकवतं. पुण्याच्या तांबट आळीत ठोके मारून मठारलेल्या तांब्याचं ते सार्थक. पण जो गुण पाणी तापवताना हवा, तोच पाणी ऊबदार ठेवताना नको असतो. तांब्याचा टब देखणा दिसतो, पण नुसत्या पत्र्याचा असेल तर आतली ऊब बाहेर सोडण्याचीही त्याला तेवढीच घाई असते.

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, वागणं निराळं. असा टब दीडशे किलोच्या आसपास भरतो आणि तेवढं लोखंड तापायला साधारण 16 लिटर पाण्याएवढी उष्णता लागते. थंडीच्या दिवसांत 24 अंशांवरच्या टबात 42 अंशांचं दीडशे लिटर पाणी ओतलं, तर दोघांचं तापमान जुळेपर्यंत पाणी 40च्या आसपास उतरतं. पहिले दोन अंश टब स्वतःकडे ठेवून घेतो. त्यानंतर मात्र तो तापलेला राहतो आणि पाठीला ऊब देतो. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याच्या उबेचा मोठा वाटा टबाच्या भिंतींतून जात नाही, तो वरच्या उघड्या पृष्ठभागावरून वाफ होऊन जातो. त्यामुळे दार-खिडकी लावून घेण्याने जेवढं साधतं, तेवढं महागड्या पदार्थानेही साधत नाही.

बिडाच्या टबाची खरी जादू त्याच्या पांढऱ्या अंगात आहे. तो रंग नाही, ती काच आहे. लोखंड लालबुंद तापवतात, त्यावर काचेची भुकटी पेरतात आणि ती वितळून लोखंडाला घट्ट धरते. 1883 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जॉन मायकेल कोहलर यांनी गुरांना पाणी पाजायच्या बिडाच्या डोणीवर असाच काचेचा लेप चढवला, चार पाय जोडले तर हिच्यात अंघोळही करता येईल अशी जाहिरात केली आणि त्यांच्या टबाच्या व्यवसायाला सुरुवात झाली. आपल्याकडच्या आडाजवळच्या दगडी डोणीचीच ही परदेशी बहीण.

काच ठिसूळ. मग लोखंड थंड होऊन आकसताना काच तडकत का नाही? कारण तिची घडण अशी करतात की लोखंडापेक्षा ती किंचित कमी आकसते. थंड होताना लोखंड तिला सगळ्या बाजूंनी आवळून धरतं आणि आवळलेली काच फार मजबूत असते. काच तुटते ती ताणामुळे, दाबामुळे नाही. घरात एनॅमलचा जुना मग असेल तर त्याचा टवका उडालेली जागा निरखून पाहा. पांढऱ्याखाली गडद थर दिसतो. पोलादी पत्र्यावर आधी कोबाल्ट, निकेलसारख्या धातूंची ऑक्साइडं घातलेली काच चढवतात, लोखंडाशी खरी गाठ तीच बांधते. पांढरी काच तिच्यावर बसते.

हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर दौंडजवळ कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्यासारख्या औषध आणि रसायन उद्योगांत आम्लाची कामं पुष्कळदा आतून काच चढवलेल्या पोलादी पात्रांत चालतात. जे आम्ल नुसतं पोलाद खाऊन टाकेल, ते काचेचं सहसा काही करू शकत नाही. टबाची काच मात्र त्या पात्रांइतकी कणखर नसते. संडास धुण्याचं ॲसिड टबात ओतत राहिलं तर तिची चकाकी जाते. जड वस्तू पडून टवका उडाला, तर तिथून लोखंड गंजायला लागतं. पोलादी पत्र्याच्या एनॅमल टबालाही हाच नियम. तो बिडापेक्षा कितीतरी हलका आणि स्वस्त असतो, पण पाणी पडलं की खणखणतो.

आता शिरूर तालुक्यातलं रांजणगाव. तिथे व्हर्लपूल, एलजी, हायर यांच्या कारखान्यांत फ्रीज तयार होतात. फ्रीज उघडल्यावर आतला जो पांढरा, सांध्याविना घडलेला प्लॅस्टिकचा गाभा दिसतो, तो साधारणपणे सपाट पत्रा तापवून, मऊ करून, साच्यावर हवा खेचून बसवलेला असतो. ॲक्रिलिकचा टब अगदी असाच जन्माला येतो आणि मग पाठीमागून त्याला काचतंतू आणि रेझिनचा आधार देतात. गंमत अशी की ॲक्रिलिक म्हणजे तोच पदार्थ, ज्याचं भिंग 1949 साली लंडनमध्ये डॉ. हॅरल्ड रिडली यांनी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात प्रथम बसवलं. डोळ्याला चालणारी वस्तू पाठीला चालणारच!

साच्यात पत्रा जिथे जास्त ताणला जातो तिथे तो पातळ होतो, म्हणजे नेमका तळाच्या कोपऱ्यांत. म्हणून ॲक्रिलिकचा टब घेताना कडेची जाडी पाहून भुलू नका. तळावर उभं राहा, तो दबतो का पाहा, उलटा करून पाठीचा आधार बघा. हा पदार्थ उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही, त्यामुळे अंगाला पहिल्या क्षणापासून गार लागत नाही. रंग आरपार असल्याने बारीक ओरखडा घासून काढता येतो. फायबरच्या स्वस्त टबात मात्र वरचा रंगीत थर अगदी पातळ असतो, तो झिजला की खालचे तंतू डोकावतात. ॲक्रिलिकला भीती आहे ती थिनरची, खरखरीत भुकटीची आणि उकळत्या पाण्याची. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. बंबातलं कढत पाणी थेट ओतू नये, आधी गार पाणी घ्यावं.

पण शिरूर-दौंडमध्ये टबाची सगळ्यात मोठी परीक्षा आंघोळ करणारा घेत नाही, बोअरचं पाणी घेतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला आणि त्याचा काळा पाषाण झाला. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि या खडकाच्या फटींतून झिरपताना त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. तेच पाणी तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन बसतो. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडाशी, टबाच्या कडेला. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते हेच जड पाणी. साबण त्यातल्या कॅल्शियमशी जुळून चिकट थर बनतो आणि टबाला राखाडी कडी पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. टब निवडण्याआधी आपल्या बोअरचं पाणी तपासून घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण पुढचं बरंच त्यावर ठरतं.

संगमरवराचंच पाहा. पांढरा डाग काढायला आपण व्हिनेगर किंवा लिंबू वापरतो, कारण चुना आंबटात विरघळतो. आणि संगमरवर म्हणजे तोच चुना, फक्त पृथ्वीच्या पोटात दाबला-भाजलेला. डाग काढायला गेलात की टबच विरघळायला लागतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात संगमरवरी टब घेऊ नये, मग तो कितीही सुंदर असो. काळा पाषाण आंबटाला फारशी दाद देत नाही, पण त्याचा टब सहाशे-सातशे किलोच्या पुढे जाऊ शकतो. न्हाणीघराच्या स्लॅबसाठी आपल्या मानकात चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचा भार धरतात. टबाची जागा सव्वा चौरस मीटरची. बिडाचा टब, पाणी आणि माणूस मिळून पावणेचारशे किलोपर्यंत जातात, म्हणजे तेवढ्या जागेसाठी धरलेल्या भाराच्या पुढे. त्यामुळे वरच्या मजल्यावर ॲक्रिलिकखेरीज काहीही बसवायचं असेल, तर आधी बांधकाम अभियंत्याला विचारायला हवं. ॲक्रिलिकही नुसतं चार पायांवर ठेवू नये, तळाला सलग आधार द्यावा.

माझं मत विचाराल तर जुळवाजुळव अशी: वरच्या मजल्याला जाड, पाठ भक्कम असलेलं ॲक्रिलिक, तळमजल्यावर, पुढच्या पिढीलाही वापरायचा असेल तर बिडाचा एनॅमल टब, पैसे कमी असतील तर फायबरऐवजी पोलादी एनॅमल. आणि टबाइतकाच विचार त्यातल्या पाण्याचा व्हावा. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला 55 लिटरचं उद्दिष्ट धरलं आहे, म्हणजे एका टबात जवळजवळ तिघांचं दिवसभराचं पाणी. शिरूर तालुक्याच्या काही भागांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी घरं आहेत. म्हणून प्लंबरला टबाचा निचरा संडासाच्या लाइनला न जोडता वेगळा काढायला सांगा, मध्ये एक वाळू-खडीचा छोटा गाळणखड्डा करा, आणि ते पाणी परसातल्या नारळा-केळीकडे वळवा. फरशी बसायच्या आधी हे सांगितलं तर एका पाइपाचं काम, नंतर सांगितलं तर सगळं न्हाणीघर फोडावं लागतं.