निकालाच्या दिवशी वेबसाइट का अडकते? एनजिनएक्स आणि रेडिसची जोडी समजून घेऊया

बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी काय होतं, हे तुम्ही अनुभवलं असेलच. सीट नंबर टाकला, आईचं नाव टाकलं आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल चक्र! नेट चालू, फोनही चांगला. मग अडतं कुठे?

बऱ्याचदा डेटाबेसपाशी. लाखो जण एकाच वेळी येतात आणि सर्व्हर प्रत्येकासाठी पान नव्याने तयार करत बसतो. यावरचा एक उपाय म्हणजे की-व्हॅल्यू डेटाबेस.

की-व्हॅल्यू म्हणजे काय?

देवळाबाहेर चपला ठेवल्या की टोकन मिळतं ना? टोकन दाखवलं की आपलाच जोड हातात, सगळा ढीग उपसावा लागत नाही. टोकन म्हणजे 'की', चपला म्हणजे 'व्हॅल्यू'. 2003 मधला मेमकॅश्ड आणि 2009 मधला रेडिस असेच चालतात. दोन्ही डेटा रॅममध्ये ठेवतात, म्हणून फास्ट.

प्लगिन काय करतं?

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. त्याला 'एसआरकॅश' नावाचं मॉड्यूल, म्हणजेच प्लगिन, जोडता येतं.

1. रिक्वेस्ट आली की ठरवून दिलेल्या की-ने ते रेडिसकडे पान मागतं.
2. पान असेल तर लगेच तुम्हाला देतं. मूळ डेटाबेसला त्रासच नाही.
3. नसेल तर पान तयार करून घेतं आणि एक प्रत रेडिसमध्ये ठेवतं. वेगळी मुदत दिली नसेल, तर ही प्रत 60 सेकंद टिकते.

म्हणजे सूचनांचं पान, जे सगळ्यांना सारखंच दिसतं, ते इथून जातं आणि डेटाबेस निकाल शोधायला मोकळा राहतो.

टोकन चुकलं तर?

समजा, की बनवताना सीट नंबरच घेतला नाही. मग पहिल्या मुलाची मार्कशीट पुढच्या सगळ्यांना दिसेल! ही नुसती कल्पना नाही. 25 डिसेंबर 2015 ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात कॅशची सेटिंग चुकली आणि लोकांना दुसऱ्यांच्या अकाउंटची पानं दिसू लागली. सुमारे 34,000 जणांची खासगी माहिती इतरांनी पाहिली असू शकते, असं कंपनीनेच सांगितलं.

म्हणून खासगी पानावर वेबसाइटने 'प्रायव्हेट' असा शिक्का मारायचा असतो. तो असला की एसआरकॅश सहसा ते पान साठवत नाही. पण शिक्का मारायला डेव्हलपर विसरला तर?

तुमच्या लॉगिनमध्ये कधी भलत्याचंच नाव दिसलं, तर पासवर्ड किंवा कार्ड नंबर टाकू नका. पान बंद करा आणि वेबसाइटच्या हेल्पलाइनला कळवा. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, कारण ती कुणाची तरी खासगी माहिती आहे.