देहातील शर्करेपासून वीज : विकर-इंधनघट

हृदयाचे ठोके नियमित ठेवणारा पेसमेकर चालण्यासाठी अवघी काही मायक्रोवॅट शक्ती लागते. तरीही त्यातील लिथियम घट काही वर्षांनी संपतो आणि रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते. रक्तात ग्लुकोज आणि ऑक्सिजन सतत उपलब्ध असतात. मग ही वीज शरीरातच का निर्माण करू नये? विकर-इंधनघटामागील प्रश्न हाच होय.

या घटात दोन कार्बन-अग्रे असतात. ॲनोडवरील विकर, उदाहरणार्थ ग्लुकोज ऑक्सिडेज, ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करून इलेक्ट्रॉन मुक्त करते. ते बाहेरील मंडलातून कॅथोडकडे जातात. तेथे लॅकेजसारख्या विकरामुळे ऑक्सिजनचे क्षपण होऊन पाणी तयार होते. प्रत्येक विकर आपलाच अभिक्रियाकारक निवडते. त्यामुळे साध्या इंधनघटाप्रमाणे मधला पडदा किंवा बंद डबा लागत नाही, आणि घट अतिशय लहान करता येतो. (पाठ्यपुस्तकात ॲनोडला धनाग्र म्हणतात, परंतु घटात ते ऋण टोक असते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.)

२००३ मध्ये टेक्सास विद्यापीठातील ॲडम हेलर व सहकाऱ्यांनी ७ मायक्रोमीटर व्यासाचे दोन कार्बन तंतू द्राक्षात खोचले आणि ०.५२ व्होल्टला २.४ मायक्रोवॅट शक्ती मिळवली. २०१० मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे असा घट जिवंत उंदरात बसवण्यात आला. २०१३ मध्ये तेथेच उंदरातील घटाने ३८.७ मायक्रोवॅट शक्ती दिली. व्होल्टता वाढवणाऱ्या मंडलाच्या साहाय्याने त्यावर छोटा प्रकाशदिवा व अंकीय तापमापक चालले. २०१२ मध्ये अमेरिकेतील क्लार्कसन विद्यापीठात गोगलगायीवर झालेला प्रयोग विशेष बोधप्रद आहे. सतत वीज घेतल्यास भोवतालचे ग्लुकोज कमी होई. गोगलगायीला खाऊ घालून विश्रांती दिली की घट पुन्हा सावरे.

अडचण शक्तीपेक्षा टिकाऊपणाची आहे. विकरे प्रथिने असल्याने कालांतराने निष्क्रिय होतात. रक्तातील क्लोराइडमुळे लॅकेज मंदावते. ग्लुकोज ऑक्सिडेजने इलेक्ट्रॉन अग्राऐवजी ऑक्सिजनला दिल्यास घातक हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. शिवाय शरीर परक्या वस्तूभोवती ऊतींचे वेष्टन तयार करते आणि इंधनाचा पुरवठा रोखते.

म्हणूनच पेसमेकरमध्ये अद्याप लिथियम घटच वापरला जातो. जो घट वारंवारची शस्त्रक्रिया टाळण्यासाठी हवा, तो लिथियमपेक्षा अधिक वर्षे टिकला तरच उपयोगाचा, हीच त्याची खरी कसोटी आहे.